अझीझुल हक

मालवणच्या समुद्रातील सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेला हाताचा ठसा शिवछत्रपतींचा, असे परंपरा सांगते. पोलिसांच्या दप्तरात मात्र ठशाचा धनी कोण, हे बोटांवरील रेषांनाच विचारावे लागते. ही विद्या व्यवहारात आणणाऱ्यांत अझीझुल हक हे प्रमुख होत.

१८७२ साली बंगालमधील खुलना भागात त्यांचा जन्म झाला. त्यांची गणितातील गती पाहून पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी त्यांना ठशांच्या कामावर घेतले. ठसे घेणे सोपे. पण हजारो कागदांतून नेमका एक शोधावा कसा? हकांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. ज्या बोटावर चक्र असेल, त्यास जोडीनुसार १६, ८, ४, २ किंवा १ असे मोल देऊन दोन बेरजा मांडल्या. प्रत्येक बेरजेचे प्रकार ३२. म्हणून कप्पे झाले १,०२४. हवा तो कागद आता चटकन हाती येई. सहकारी हेमचंद्र बोस यांनीही त्यात मोलाची भर घातली.

१८९७ साली कलकत्त्यात आणि १९०१ साली लंडनमध्ये ठसे-कार्यालय निघाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे पडले! आपल्या हाताखालील मंडळींत हकांचा वाटा सर्वांत मोठा होता, ही लेखी कबुली हेन्रींनी दिली ती १९२६ साली. १९३५ साली मोतीहारी येथे हकांचे देहावसान झाले.