कै. ताराबाई मोडक

सहा वर्षांखालील मुलालाही शिक्षण द्यावयाचें असतें, हें आमच्या समाजास अद्याप पुरतें पटलेलें नाहीं. पेढीवरील गृहस्थ मुलाच्या लग्नाचा खर्च कैक वर्षें आधीं हिशेबांत धरतो. पण तीन वर्षांच्या पोराच्या हातांना काय काम द्यावें, हा विचार त्याच्या वहींतील कोणत्याच खात्यांत बसत नाहीं. ज्या बाईंनीं त्या एका खात्यावर सारें आयुष्य खर्चीं घातलें, त्यांचें चरित्र म्हणूनच वाचकांपुढें ठेवीत आहों.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालीं मुंबईंत, केळकरांच्या प्रार्थनासमाजी घरांत झाला. १९१४ सालीं त्या बी. ए. झाल्या. पुढें विवाह झाला; तो टिकला नाहीं. राजकोटास शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाचें प्रमुखपद मिळालें होतें, तें सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरांत गेल्या. गिजुभाई मूळचे आमच्याच पेशाचे. वकिली टाकून मुलांत रमलेला असा दुसरा वकील आमच्या पाहण्यांत नाहीं! १९२६ सालीं या मंडळींनीं नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ त दादरचें शिशुविहार निघालें.

येथवरचें कार्य शहरांतील सुखवस्तु घरांचें होतें, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो सर्वस्वी खोटा म्हणतां येणार नाहीं. त्याचें उत्तर ताराबाईंनीं वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, १९४५ त, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं जाऊन दिलें. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. मुलांना न्हाऊ घालावें, नखें काढावीं, केस विंचरावे आणि मग धडा! माँटेसरीबाईंची महागडीं साधनें तेथें कोठून यावीं? शिंपले, खडे, बिया व पानें यांवरच मोजणी व रंगांची ओळख झाली.

१९५७ त हें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेलें. थोरली बहीण शाळेंत गेली तर तान्ह्यास कोणी सांभाळावें, ही आईबापांची अडचण खरी होती. ताराबाईंनीं त्यांस दोष न देतां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एके ठिकाणीं आणून विकासवाडी उभी केली. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं शिक्षक कुरणांत गेले. तिला कुरणशाळा म्हणत.

१९६२ त सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. १९७३ त त्या वारल्या आणि दोनच वर्षांनीं केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेंत अंगणवाडी हेंच नांव देशभर गेलें. कायद्याची गोष्ट मात्र निराळी. १९५० च्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्वच मुलांच्या मोफत शिक्षणासाठीं राज्यानें झटावें असें सांगितलें होतें. २००२ च्या दुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण सहा ते चौदा वर्षांपुरता. त्याखालच्या मुलांसाठीं राज्यानें प्रयत्न करावा, एवढेंच घटनेंत राहिलें. ज्या वयासाठीं ताराबाई पन्नास वर्षें राबल्या, नेमकें तेंच वय हक्काच्या कलमाबाहेर ठेविलें गेलें आहे.