धर्मानंद कोसंबी : पदवीवाचून प्राध्यापक

शालान्त परीक्षा जवळ आली की आमचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. पुढे कोणते महाविद्यालय धरावे आणि कोणत्या पदवीने नोकरी लौकर मिळेल, हा तो प्रश्न. तो अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोटाची चिंता कोणाला चुकली आहे? तथापि शिकायचे काय आणि कशासाठी, हा त्याच्या आधीचा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. तो आधी विचारून मग घराबाहेर पडलेले एक थोर पुरुष आपल्याच गोमंतकात होऊन गेले. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी सांकवाळ येथे झाला. आमच्याप्रमाणेच त्यांच्या घरची बोली कोंकणी. घरी नारळीची बागायत होती आणि तिची देखरेख करता करता शाळा लहानपणीच सुटली. उच्च शिक्षणाची सोय तर दूरच. गोव्यात विद्यापीठ झाले तेच मुळी 1985 साली. राहिलेले शिक्षण धर्मानंदांनी मराठी पुस्तकांच्या वाचनाने भरून काढले. ‘बालबोध’ या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात त्यांना बुद्धाचे चरित्र वाचावयास मिळाले, आणि त्याचा धर्म मुळातून समजून घ्यावयाचा हा निश्चय मनात रुजला.

विषय असा ठरला. आता गुरू हवा होता. 1899 साली त्यांनी घर सोडले व ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पाली ग्रंथांकडे वळण्यापूर्वी संस्कृताचा पाया पक्का हवा, म्हणून इंदूर, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोचले. अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी व्याकरण घोकावे, असा तेथील दिनक्रम होता. पुढे बुद्धाच्या जन्मभूमीच्या ओढीने ते नेपाळात गेले. परंतु तेथे अपेक्षित विद्या आढळली नाही. निराश होऊन परतण्याऐवजी त्यांनी विद्या कोठे आहे याचा शोध घेतला, आणि 1902 साली सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणी पाली ग्रंथांचे अध्ययन आरंभिले. त्यानंतर ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले. 1906 च्या सुमारास ते कलकत्त्यास आले, तेव्हा हाती कोणतीही पदवी नव्हती. तरीही राष्ट्रीय महाविद्यालयाने व मागून कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालीचे अध्यापन सोपविले.

खरी कसोटी पुढेच होती. कलकत्त्यास मान होता, वेतनही चांगले होते. परंतु हे ज्ञान आपल्या मराठी बांधवांपर्यंत गेले पाहिजे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना मासिक 50 रुपयांचे साहाय्य तीन वर्षांसाठी देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत, एवढीच अट होती. धर्मानंदांनी कितीतरी अधिक वेतनाची कलकत्त्याची जागा सोडली आणि हे 50 रुपये पत्करले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली भाषेला स्थान मिळाले, त्यामागे डॉ. भांडारकरांच्या वजनाबरोबर धर्मानंदांची खटपटही होती. 1912 पासून 1918 पर्यंत त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांसारखे पालीचे विद्वान त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

मध्यंतरी, 1910 साली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी बोलाविले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने ते काम अपुरे राहिले होते. धर्मानंद तेथे कष्टले. परंतु श्रेय कोणाचे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला. स्वतःच्या श्रमावर दुसऱ्याचे नाव मान्य करण्याऐवजी 1912 साली ते स्वदेशी परतले. पुढे पुन्हा जाऊन त्यांनी ते काम तडीस नेले. मात्र ग्रंथ छापून निघाला तो 1950 साली. त्याआधीच, जून 1947 मध्ये, सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले होते.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांची कन्या तान्ही होती. पत्नी बाळाबाई यांनी तब्बल सात वर्षे एकटीने दिवस काढले. त्या विद्येची किंमत घरच्या माणसांनीही मोजली आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी असे घर सोडावे, हा आमचा उपदेश नव्हे. आज त्याची गरजही राहिलेली नाही. शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत, घरबसल्या परगावच्या अध्यापकांची व्याख्याने ऐकण्याची सोय आहे.

मग या चरित्रातून घ्यावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली ही की, आधी विषय निश्चित करावा आणि नंतर महाविद्यालय. महाविद्यालय पाहताना इमारतीपेक्षा तो विषय तेथे कोण शिकवितो याची चौकशी करावी, तेथील जुन्या विद्यार्थ्यांना भेटून विचारावे. दुसरी ही की, शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यापूर्वी तिच्या अटी नीट वाचाव्यात. रक्कम मोठी की लहान, यापेक्षा तिच्यामुळे आपला अभ्यास होणार की खुंटणार, हे आई-वडिलांसह बसून ठरवावे. तिसरी ही की, दुसऱ्याचे लेखन उतरवून आपले म्हणून कधीही देऊ नये. धर्मानंदांनी आपले श्रेय सोडले नाही. दुसऱ्याचे श्रेय न घेणे हा त्याच धर्माचा दुसरा भाग होय.

धर्मानंदांना पदवीवाचून प्राध्यापकपद मिळाले, ते तसे दिवस होते. आज पदवी लागतेच, आणि ती अवश्य मिळवावी. परंतु पदवीमागे विद्या असावी लागते, हे त्या काळाइतकेच आजही सत्य आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी भारत सरकारने मराठी व पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. ते वृत्त वाचताना आम्हांस सांकवाळच्या नारळीखाली पुस्तक उघडून बसलेला तो तरुण आठवला. या दोन भाषांमध्ये पूल बांधण्यात त्याने आपले आयुष्य वेचले होते. आमच्या वाचकांपैकी एखाद्याने त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मवृत्त ग्रंथालयातून काढून सुट्टीत वाचले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.