वनस्पतींचा माग

मुलांनो, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठाने उन्हाळ्यात चालू लागले, की वाऱ्यावर तरंगणारी म्हातारी दिसते. ती रुईच्या फळातून सुटलेली असते. तिच्या रेशमी केसांना एक चपटे बी लगडलेले असते. पावसाळा सरल्यावर रानातून घरी यावे, तर आघाड्याचे दाणे कपड्यांना आणि सराटे पायताणाला चिकटून आलेले असतात. वनस्पतीला पाय नाहीत, तरी ती अशी दूरदूर जाते. कोणती वनस्पती मूळची कोठली आणि ती येथवर कशी आली, याचा माग एका मराठी शास्त्रज्ञाने काढला. त्यांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

त्यांचा जन्म 1884 साली मालवणास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीतील भटकंतीत त्यांना गोड्या पाण्यात राहणारा इवलासा जेलीफिश आढळला. त्याचे सगेसोयरे तोवर केवळ आफ्रिकेतच ठाऊक होते! मग हा येथे कसा? हाच प्रश्न पुढे त्यांनी वनस्पतींविषयी विचारला.

कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले, तोच 1914 चे महायुद्ध पेटले. हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली असल्याने जर्मनांच्या दृष्टीने आघारकर शत्रूचे प्रजाजन ठरले आणि त्यांना स्थानबद्धतेत दिवस काढावे लागले. परक्या मुलखात, घरापासून इतक्या दूर, दुसरा एखादा खचून गेला असता. आघारकरांनी बर्लिनमध्ये प्रबंध पुरा केला; 1920 मध्ये तो जर्मन भाषेत छापला गेला. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष भूमीत तगणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मूळच्या कोठल्या, हा त्याचा विषय. राजस्थानच्या वाळवंटातील कित्येक वनस्पती अरबस्तानात आणि आफ्रिकेतही सापडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचा आवाका कळतो.

1946 साली कलकत्त्याहून निवृत्त होऊन ते पुण्यास आले. निवृत्तीनंतर माणसास विसावा हवासा वाटतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. आघारकरांनी मात्र त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारली आणि 1960 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचा भार वाहिला.

अशा संस्थेत वनस्पतिसंग्रह असतो. वनस्पती कागदांत दाबून वाळवितात, जाड कागदावर चिकटवितात आणि खाली स्थळ, दिनांक व गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. काम कंटाळवाणे खरे. पण रानाचे रूप इतके सावकाश पालटते, की एका माणसाच्या हयातीत ते ध्यानीही येत नाही. सातपुड्यात माजलेली घाणेरी मूळची अमेरिकेची, हे आज पाहणाऱ्यास खरे वाटत नाही. गाजरगवतही तिकडचेच; त्याची नोंद पुण्यात 1950 नंतरच्या दशकात झाली. थेट उत्तर ध्रुवाकडील प्रदेशातही उष्मा वाढून, जेथे शेवाळ आणि दगडफूल पसरलेले असे, तेथे अनेक ठिकाणी झुडपे दाटू लागली आहेत. जुन्या नोंदी नसत्या, तर पूर्वी तेथे काय होते हे कोणी सांगितले असते?

1992 मध्ये विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेस आघारकरांचे नाव देण्यात आले. तेथील वनस्पतिसंग्रहही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सह्याद्रीतून आणलेल्या वनस्पती आपापल्या चिठ्ठ्यांसह तेथे जपून ठेवलेल्या आहेत.