दमेकरी मेकॅनिकचा खिशातला कॅमेरा

जून २०२२मध्ये एका लिलावात एक जुना, रंग उडालेला कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. म्हणजे आपले शंभर कोटी रुपयांहून जास्त! त्यात ना स्क्रीन, ना बॅटरी, ना ऑटोफोकस. व्ह्यूफाइंडरवर मालकाचं नाव मात्र कोरलेलं होतं, ऑस्कर बारनाक. हाच तो ‘लायका’ कॅमेऱ्याचा जनक. सध्या कॉलेज कट्ट्यावर फिल्म कॅमेऱ्याची क्रेझ परत आलीय, तेव्हा या माणसाची गोष्ट माहीत असायलाच हवी.

ऑस्करचा जन्म १ नोव्हेंबर १८७९चा, जर्मनीतल्या ब्रँडनबुर्ग भागातल्या लिनोव्ह गावातला. बर्लिनजवळ तो मेकॅनिकचं काम शिकला आणि १९०२मध्ये येना इथल्या कार्ल झाइस या भिंगांच्या नामांकित कंपनीत लागला. हातात कसब भरपूर, पण छातीत दमा. त्यात छंद कुठला, तर थुरिंगियाच्या डोंगर-जंगलात भटकायचं आणि फोटो काढायचे. तेव्हाचा कॅमेरा म्हणजे १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, त्यांचे होल्डर आणि हे सगळं मावेल अशी भलीमोठी चामडी पेटी. एवढं ओझं घेऊन चढ चढायचा म्हटलं की ऑस्करला धाप लागायची. ओझं कमी झालं नाही, तर एक दिवस छंदच सोडावा लागेल, हे त्याला दिसत होतं.

मग त्याने उलटा विचार केला. निगेटिव्ह छोटी ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करून घ्यायचा. आधी त्याने एकाच प्लेटवर पंधरा-वीस छोटे फोटो घेऊन पाहिले. पण ते मोठे केले की नुसते दाणे दाणे दिसायचे. प्रयोग फसला, डोक्यातली कल्पना मात्र गेली नाही.

१९११मध्ये तो वेट्झलार गावातल्या लाइट्झ कंपनीत आला. कंपनीचा मुख्य धंदा सूक्ष्मदर्शकांचा. तिथे सिनेमाच्या कॅमेऱ्यांवर काम करताना ३५ मिलिमीटरची फिल्म त्याच्या हाताशी आली. सिनेमाची फ्रेम १८ बाय २४ मिलिमीटरची. ऑस्करने ती दुप्पट केली, २४ बाय ३६. आज महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावर ‘फुल फ्रेम’ लिहिलेलं असतं ना, ते माप हेच. १९१४च्या मार्चपर्यंत खिशात मावणारा कॅमेरा तयार होता.

आणि ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. कॅमेरा बाजारात आणायचा विषयच संपला. ऑस्कर मात्र तो खिशात घेऊन फिरत राहिला. लष्करभरतीच्या फर्मानाजवळचा शिपाई, १९२०च्या पुरात बुडालेले वेट्झलारचे रस्ते, सगळं त्याने टिपलं. तिपाई लावून बसणाऱ्याला असले क्षण कुठून मिळणार!

युद्धानंतर जर्मनीत महागाईने कहर केला. १९२३च्या सुमारास दोन डझनांच्या आसपास कॅमेरे नमुन्यादाखल बनवले गेले. लिलावातला कॅमेरा त्यांतलाच. पण ते पाहून सगळेच काही खूश झाले नाहीत. एवढ्याशा निगेटिव्हवर कोण विश्वास ठेवणार? कंपनीतही विरोध होता. डाव फसला असता, तर कामगारांच्या पोटावर पाय आला असता. अखेर १९२४मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ (धाकटे) यांनी जोखीम घ्यायचं ठरवलं. १९२५च्या लाइपझिश जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून लायका! त्याचं भिंग माक्स बेरेक या सहकाऱ्याने आखलं होतं. छोट्या निगेटिव्हमधून मोठा, स्वच्छ फोटो निघायचा तो या भिंगाच्या जोरावर.

एक अडचण उरली होती. फोकससाठी अंतर अंदाजाने धरावं लागे किंवा वेगळं उपकरण वर बसवावं लागे. १९३२च्या लायका टूमध्ये हे उपकरण, म्हणजे रेंजफाइंडर, कॅमेऱ्यातच आलं आणि भिंगाला जोडलं गेलं. गंमत सोपी आहे. समोरच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची रिंग फिरवायची, दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला.

१६ जानेवारी १९३६ला ऑस्कर गेला, वय अवघं ५६. त्याच्या कॅमेऱ्याने जग कसं पालटलं, ते त्याला पुरतं बघता आलं नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊनच जगभर हिंडला. १९४८मध्ये गांधीजींच्या अखेरच्या दिवसाचे आणि अंत्ययात्रेचे त्याने काढलेले फोटो आपण आजही पाहतो. रस्त्यावर, गर्दीत शिरून, कुणाला न कळता फोटो काढायची सवय जगाला लागली, तिच्या मुळाशी एका दमेकऱ्याची धाप आहे.

जुना रेंजफाइंडर घेताय?

• ‘लायका’ नाव बघून हुरळू नका. सोव्हिएत काळातले ‘फेड’ आणि ‘झोर्की’ हे लायकाच्या धर्तीवर बनलेले कॅमेरे. त्यांच्यावर नवं नाव कोरून ते लायका म्हणून खपवले जातात. फेड म्हणून स्वस्तात मिळाला, तर शिकायला झकास!

• भिंग काढून कापडी शटर उजेडात धरा. भोकं दिसली तर नाद सोडा. भिंगात बुरशी आहे का, तेही बघा. आपल्या दमट हवेत ती हमखास धरते.

• लांबच्या इमारतीवर रोखून रिंग अनंतावर न्या. दोन प्रतिमा जुळल्या नाहीत, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

• सुरुवातीच्या लायकात फिल्म खालून भरतात. त्यासाठी फिल्मचं टोक लांब कापावं लागतं. घाई केलीत तर फिल्म अडकलीच म्हणून समजा.

• कॅमेरा उन्हात भिंग वर करून ठेवू नका, शटरचं कापड जळतं. आणि व्ह्यूफाइंडर भिंगातून बघत नाही, तेव्हा टोपी काढायला विसरू नका. नाहीतर ३६ फोटोंचा अख्खा रोल कोरा निघायचा!