तळ्याकाठून दर्याकडे

सोलापूर शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वराचे तळे आहे. तळ्याच्या पाण्यात देवालय उभे आहे आणि एका अंगास जुन्या भुईकोट किल्ल्याचा तट आहे. वारा सुटला की पाण्यावर बारीक लहरी उठतात. वारा पडला की ते पुन्हा आरशासारखे स्वच्छ होते. शहराबाहेर हिप्परग्याचा मोठा तलाव आहे. तो १८७१ साली बांधून पुरा झाला. याखेरीज हा सारा मुलूख कोरडा आहे. येथील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. समुद्र येथून दीडशे मैलांहून दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. अशा गावी जन्मलेल्या एका मुलाने पुढे हिंदी आगबोटी जगाच्या समुद्रावर नेल्या. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतले. परंतु व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापुरास येऊन स्थायिक झाले होते. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचा व्यापार व सावकारी करीत. समाजसुधारणेच्या कार्यातही त्यांना मान होता. वालचंद तान्हे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. सोलापुरास शालेय शिक्षण पुरे करून १८९९ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईस व पुण्यास त्यांनी काही काळ महाविद्यालयात घालविला; परंतु पदवी घेण्यापूर्वीच ते घरच्या धंद्यात पडले.

घरच्या धंद्यात त्यांचे मन रमेना. पेढीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा काही नवे उभारावे, अशी त्यांना ओढ होती. याच सुमारास लक्ष्मणराव फाटक या गृहस्थांशी त्यांचा परिचय झाला. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती; वालचंदांपाशी भांडवल व धाडस होते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या लोहमार्गाचे एक काम मक्त्याने घेतले. तेथून वालचंदांचा मार्ग खुला झाला. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांची कामे पोहोचली. डोंगर फोडण्यात त्यांचा हात बसला. परंतु पाण्याशी त्यांची गाठ अद्याप पडावयाची होती.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धात अनेक आगबोटी बुडाल्या होत्या. त्यामुळे बोटींची टंचाई होती आणि माल नेण्याचे भाडे फार वाढले होते. हिंदुस्थानास हजारो मैलांचा समुद्रकिनारा. परंतु त्या किनाऱ्यावर धावणाऱ्या मोठ्या आगबोटी जवळजवळ सर्व ब्रिटिश कंपन्यांच्या. हिंदी व्यापाऱ्याचा माल, हिंदी खलाशांचे कष्ट, आणि भाड्याचा पैसा मात्र परदेशी जाई. ही स्थिती पालटण्याचा एक प्रयत्न पूर्वी झाला होता. दक्षिणेत तुतिकोरिन येथे चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने भाडी उतरविली, १९०८ साली सरकारने पिळ्ळै यांना तुरुंगात टाकले, कंपनी बुडाली. तेव्हापासून या धंद्यात पाऊल टाकण्यास लोक धजत नसत.

१९१९ च्या प्रारंभी आगगाडीच्या प्रवासात सहज निघालेल्या बोलण्यावरून वालचंदांना समजले की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विकावयाची आहे. त्यांनी ही संधी दवडली नाही. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मुंबईच्या मातब्बर व्यापाऱ्यांना त्यांनी आपल्यासवे घेतले. बोट खरेदी करण्यात आली. २७ मार्च १९१९ रोजी ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन झाली. बोटीच्या पूर्वीच्या मालकावरून कंपनीस शिंद्यांचे नाव मिळाले.

या बोटीचे पूर्वायुष्य मोठे मनोरंजक होते. ती १८९० साली इंग्लंडमध्ये बांधली गेली. तिची लांबी सुमारे साडेचारशे फूट होती. तिचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. नाव असे असले, तरी हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी तिचा संबंध नव्हता. कॅनडातील एका मोठ्या रेल्वे कंपनीची ती बोट होती. उत्तर अमेरिकेतील विशाल सरोवरांवर या कंपनीची जहाजे चालत. आणि रेल्वे जेथे संपे, त्या व्हॅंकूव्हर बंदरातून तिच्या बोटी उत्तर पॅसिफिक महासागर ओलांडून जपान व हाँगकाँगला जात. ‘एम्प्रेस’ने तेथे वीस वर्षांहून अधिक काळ वाहतूक केली. १९१४ साली शिंदे महाराजांनी ती घेतली. महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय करण्यात आले आणि ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, हे नाव तिला मिळाले. अशा रीतीने उत्तरेच्या थंड पाण्यातील बोट दक्षिणेच्या उष्ण पाण्यात आली.

पाणी सगळीकडे सारखेच, असे आपणांस वाटते. परंतु नाविकाला ते तसे वाटत नाही. उत्तरेकडील सरोवरांचे पाणी गोडे असते. तेथे भरती-ओहोटी जाणवत नाही. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड व उभ्या असतात, आणि हिवाळ्यात पाणी गोठले की जहाजे महिनोन्महिने बंदरात अडकून पडतात. उत्तरेच्या महासागरात धुके, वादळ आणि हिवाळ्याची लांबलचक रात्र यांच्याशी सामना असतो. आपल्याकडे बर्फ नाही. पण मुंबईच्या बंदरात पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. उधाणाच्या दिवशी हा चढउतार बारा-पंधरा फुटांचा असतो. वेळ चुकली तर बोटीला बंदराबाहेर थांबावे लागते. ज्येष्ठ महिन्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की समुद्र खवळतो. कोकणातील लहान बंदरे तेव्हा बंद होत. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून कोळी पुन्हा होडी लोटीत नसत. शिवाय उष्ण पाण्यात बोटीच्या तळाला शंखशिंपले फार लवकर चिकटतात. त्यामुळे तिचा वेग मंदावतो व कोळसा अधिक जळतो.

हे सर्व भेद बोटीच्या अंगावरच लिहिलेले असतात. मालाच्या बोटीच्या कुशीवर एका वर्तुळाजवळ आडव्या रेघा काढलेल्या दिसतात. बोटीत माल भरताना ती कोणत्या रेघेपर्यंत बुडू द्यावयाची, हे त्यांवरून ठरते. गोड्या पाण्याने शंभर मण भरणारे भांडे समुद्राच्या पाण्याने भरले, तर ते सुमारे एकशे अडीच मण भरते. जड पाणी बोटीला अधिक उचलून धरते. म्हणून नदीच्या बंदरात भरलेली बोट समुद्रात शिरताच थोडी वर येते, आणि म्हणूनच गोड्या पाण्याची रेघ वेगळी असते. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची रेघ सर्वांत खाली असते. तेथील वादळांना तोंड देण्यासाठी बोट हलकी ठेवावी लागते. त्या काळी खाऱ्या पाण्याच्या रेघांत सर्वांत वरची रेघ ‘हिंदी उन्हाळा’ या नावाची असे. सुएझपासून सिंगापूरपर्यंतच्या शांत ऋतूत बोट तेथवर भरता येई. सर्वांत अधिक माल वाहू देणारा हा समुद्र हिंदुस्थानच्या नावाने ओळखला जाई. परंतु त्यावरील मोठ्या आगबोटी हिंदी लोकांच्या नव्हत्या. हा विरोध दूर करण्याचा विडा वालचंदांनी उचलला होता.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदरातून नांगर उचलला. पावसाळ्यास अवकाश होता आणि अरबी समुद्र शांत होता. सुएझच्या कालव्यातून भूमध्य समुद्र ओलांडून ती लंडनला जावयाची होती. हिंदी मालकीची एवढी मोठी आगबोट स्वतःच्या कंपनीच्या नावाने विलायतेस निघाली, ही घटना अपूर्व होती. परंतु बोट जुनी होती. तिचा खर्च मोठा होता. उतारूंची वाहतूक फायद्याची ठरली नाही. चार वर्षांतच, १९२३ साली, ती मोडीत निघाली.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. वालचंद व त्यांचे सहकारी यांनी मात्र यातून धडा घेतला. एका शोभिवंत बोटीने धंदा उभा राहत नाही. मालाची नियमित वाहतूक मिळाली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. कंपनीने मालवाहू बोटी घेतल्या आणि ब्रह्मदेशातील रंगूनहून तांदूळ आणण्याचा व्यवसाय आरंभिला. तेव्हा खरे वादळ सुटले; पण ते आभाळातून आले नाही. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपन्यांनी भाडी एकदम उतरविली. त्यांच्यापाशी आणखीही एक युक्ती होती. जो व्यापारी केवळ त्यांच्याच बोटींतून माल पाठवी, त्याला भाड्यातील काही रक्कम काही महिन्यांनी परत मिळे. त्याने मध्येच सिंदियाच्या बोटीत माल भरला, तर ती जमलेली रक्कम बुडे. मनात स्वदेशीची प्रीती असूनही अनेक व्यापाऱ्यांचे हात असे बांधले जात.

सिंदिया कंपनीस तोट्यावर तोटा येऊ लागला. तुतिकोरिनच्या कंपनीचे भवितव्य सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. अखेरीस १९२३ साली ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने किनाऱ्यावरील मालाच्या वाहतुकीपुरतेच राहावे आणि आपल्या बोटी पंचाहत्तर हजार टनांपलीकडे वाढवू नयेत, अशा त्याच्या अटी होत्या. लंडनचे स्वप्न पाहणाऱ्या कंपनीला किनाऱ्याला बांधून घालणारा हा करार होता. तो मानहानीचा होता. परंतु त्याने कंपनी जिवंत राहिली. वाऱ्याविरुद्ध थेट पुढे जाता येत नसेल, तर शिडाचे तारू तिरकस वाटेने, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत पुढे सरकते. वालचंदांनी तीच रीत पत्करली.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी निवर्तले आणि कंपनीची धुरा वालचंदांवर आली. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी बोटींसाठी राखून ठेवावी, ही मागणी ते व इतर पुढारी सातत्याने करीत राहिले. १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ या बोटीवर हिंदी तरुणांना नाविक अधिकाऱ्यांचे शिक्षण मिळू लागले होते. आजवर हिंदी मनुष्य बोटीवर खलाशी होई. आता कप्तान होण्याची वाट त्याला मोकळी झाली. १९३७ साली मक्केच्या यात्रेकरूंसाठीही सिंदियाच्या बोटी धावू लागल्या.

तरीही वालचंदांचे समाधान झाले नव्हते. बोटी आपल्या, पण त्या बांधून आणावयाच्या परक्या देशांतून, हे त्यांना सलत होते. गोदीसाठी त्यांनी पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि गोदीचे काम लांबले. पण ते सुटले नाही. १४ मार्च १९४८ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ ही आठ हजार टन भाराची बोट पाण्यात सोडण्यात आली. ‘लॉयल्टी’ दुसऱ्यांनी बांधलेली, जुनी झालेली बोट होती; ‘जलउषा’ याच भूमीवर घडली होती. या दोन बोटींमध्ये एकोणतीस वर्षांचे कष्ट होते.

वालचंदांचे कर्तृत्व समुद्रापुरतेच नव्हते. इंदापूर तालुक्यातील माळरानावर साखरेचा कारखाना काढून त्यांनी वालचंदनगर वसविले. १९४० साली बंगलोर येथे विमानांचा कारखाना आणि १९४४ साली मोटारींसाठी प्रीमिअर कंपनी, हे त्यांचेच उद्योग. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही मार्गांवर देशाची स्वतःची वाहने चालावीत, ही त्यांची आकांक्षा होती. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रयाणाला तेव्हा नुकतीच चौतीस वर्षे पुरी झाली होती.

१९६४ सालापासून ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. एका जुन्या बोटीच्या प्रयाणाचा तो दिवस. ती बोट चार वर्षांत मोडली गेली. परंतु तिने दाखविलेली वाट मोडली नाही. सोलापुरास सिद्धेश्वराचे तळे आजही तसेच शांत आहे. त्याच्या काठावर उभे राहिले असता समुद्र कोठेही दिसत नाही. वालचंदांनाही तो दिसला नसेल. तरी त्याच्याकडे जाणारी वाट त्यांनी याच गावातून धरली.