डिझेल इंजिनाचा जनक

(ट्रक, बस, ट्रॅक्टर, आगबोट यांना चालवणाऱ्या डिझेल इंजिनाचा शोध रुडॉल्फ डिझेल यांनी लावला. हा शोध एका दिवसात लागला नाही. यंत्रातील एकेक दोष शोधून तो दूर करण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे याच मार्गावर आहेत. या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावत असतात. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, सिमेंट, लोखंड असा नाना प्रकारचा माल ते वाहून नेतात. हे ट्रक ज्या तेलावर चालतात त्याला आपण डिझेल म्हणतो. हा शब्द रोजच्या बोलण्यात इतका रुळला आहे, की ते एका माणसाचे नाव आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे आईवडील मूळचे जर्मनीचे. वडील कातड्याच्या वस्तू बनवत. घरची स्थिती बेताची होती. वडिलांनी तयार केलेल्या वस्तू लहानगा रुडॉल्फ हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवत असे. पॅरिसमध्ये यंत्रांचे एक मोठे संग्रहालय होते. सवड मिळाली की तो तेथे जाई आणि जुन्या यंत्रांपुढे बसून त्यांची चित्रे काढी. यंत्राचा कोणता भाग कोणत्या भागाला फिरवतो, हे पाहण्यात तो तासन् तास रमून जाई.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. पण तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण झाले. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवण्याचे ठरले. युद्धाचे दिवस, लांबचा प्रवास आणि सोबतीला कोणी नाही! तरीही तो मुलगा एकटाच आउग्सबुर्गला पोहोचला. त्याचे हे नातेवाईक गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ मन लावून शिकू लागला. आपण इंजिनियर व्हायचे, असा निश्चय त्याने तेथेच केला.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिक येथील तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयात दाखल झाला. तेथे कार्ल फॉन लिंडे हे नामवंत प्राध्यापक शिकवत होते. बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांबद्दल त्यांची ख्याती होती. एके दिवशी त्यांनी वाफेच्या इंजिनाविषयी माहिती सांगितली. त्या काळी कारखाने आणि आगगाड्या वाफेवर चालत. परंतु कोळसा जाळून जी उष्णता मिळे, तिच्या शंभर भागांपैकी जेमतेम दहा भागांचे काम होई. उरलेले नव्वद भाग वाया जात. हे ऐकून रुडॉल्फ बेचैन झाला. इतकी उष्णता वाया न घालवणारे इंजिन बनवता येईल का, हा प्रश्न त्याने वहीच्या कडेला टिपून ठेवला. त्या प्रश्नाने त्याचा पाठलाग आयुष्यभर सोडला नाही.

परीक्षेच्या वेळी रुडॉल्फला विषमज्वर झाला. त्यामुळे परीक्षा लांबणीवर पडली. पण १८८० साली तो अत्यंत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. नंतर लिंडे यांच्या कंपनीत पॅरिस येथे त्यांनी नोकरी धरली. दिवसा ते बर्फाच्या यंत्रांचे काम पाहत आणि उरलेल्या वेळात नव्या इंजिनाचा विचार करत. वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. त्यात यश आले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला आणि साध्या हवेकडे लक्ष वळवले.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की ती तापते. हवा फारच जोराने दाबली तर ती किती तापेल? इतकी, की तिच्यात तेलाचे थेंब सोडताच ते आपोआप पेट घेतील. ठिणगीची गरजच उरणार नाही. तेल पेटले की वायू फुगेल आणि पिस्टनला जोराने ढकलेल. डिझेल यांची मूळ कल्पना ती हीच. १८९२ साली त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढल्याच वर्षी एक पुस्तक लिहून ती जगापुढे मांडली. अनेक जाणकारांना हे अशक्य वाटले. इतका दाब सहन करणारे यंत्र घडणारच नाही, असे त्यांचे मत होते. तरीही आउग्सबुर्गच्या एका मोठ्या कारखान्याने डिझेल यांना प्रयोगासाठी जागा, साहित्य आणि कारागीर दिले.

१८९३ च्या उन्हाळ्यात पहिले यंत्र उभे राहिले. पण ते स्वतःच्या बळावर चालेना. पिस्टनच्या कडेने हवा निसटे, त्यामुळे ती हवी तेवढी दाबली जात नसे. १० ऑगस्ट रोजी तेल आत सोडताच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दुसरा एखादा माणूस तेथेच खचला असता. डिझेल यांना मात्र त्या स्फोटातही समाधान वाटले. ठिणगीवाचून तेल पेटते, हे आता सिद्ध झाले होते.

त्यांनी यंत्र खोलले. एकेक भाग तपासला. जो भाग दोषी आढळला तो बदलला आणि पुन्हा प्रयोग केला. प्रत्येक प्रयोगाची नोंद वहीत होत असे. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र नेहमीप्रमाणे कारखान्याच्या पट्ट्याने फिरवले जात होते. तेवढ्यात पट्ट्याला हिसका बसला. पट्टा यंत्राला ओढत नव्हता, तर यंत्रच पट्ट्याला ओढू लागले होते! जवळ उभ्या असलेल्या एका कारागिराच्या ही गोष्ट सर्वांआधी ध्यानात आली. काही न बोलता त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि यंत्राला मान दिला. यंत्र फक्त सुमारे एक मिनिट चालले. पण ते स्वतःच्या बळावर चालले.

तरीही काम संपले नव्हते. आणखी तीन वर्षे दोष शोधण्यात गेली. तेल कधी नीट पेटत नसे, कधी काळा धूर निघे, कधी झडप अडके. शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. हे इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचे होते. उष्णतेच्या शंभर भागांपैकी २६ भागांचे ते काम करत होते. वाफेच्या इंजिनापेक्षा ते कितीतरी काटकसरी ठरले. ते इंजिन आजही म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

आता डिझेल यांचे नाव सर्वत्र गाजू लागले. देशोदेशीच्या कंपन्यांनी त्यांच्या इंजिनाचे हक्क विकत घेतले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. शेतात पिकणाऱ्या तेलावरही इंजिन चालू शकते, ही गोष्ट डिझेल यांना फार महत्त्वाची वाटत असे. १९१२ साली सेलांडिया नावाचे डिझेलवर चालणारे मोठे जहाज समुद्रपार जाऊन आले.

परंतु कीर्तीबरोबर संकटेही आली. सुरुवातीला विकलेली इंजिने वारंवार बंद पडत. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत. पेटंटवरून वाद झाले. अतिश्रमाने डिझेल यांची प्रकृती ढासळली आणि त्यांना काही महिने रुग्णालयात राहावे लागले. मिळालेला पैसा त्यांनी जमिनीच्या व इतर व्यवहारांत गुंतवला आणि त्यात तो बुडाला. यंत्राचा बारीकसा दोष हेरणाऱ्या या माणसाला पैशाच्या व्यवहारातील दोष वेळीच दिसले नाहीत. कर्ज वाढत गेले.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते ड्रेस्डेन नावाच्या बोटीने बेल्जियमहून इंग्लंडला निघाले. रात्री सोबत्यांबरोबर जेवण करून ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्याला हातही लागलेला नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. त्याच्या खिशातील वस्तूंवरून मुलाने वडिलांना ओळखले. कर्जाच्या विवंचनेमुळे त्यांनी जीवन संपवले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या इंजिनावर चालणारे ट्रक रस्तोरस्ती धावताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या वेळचे इंजिन फार जड होते. तेल आत फवारण्यासाठी हवा दाबणारे वेगळे यंत्र जोडावे लागे. ते गाडीवर कसे बसवणार? पुढे तेल फवारणारे लहान पंप तयार झाले आणि १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलचे ट्रक धावू लागले. भारतात १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या इंजिनांनी शेतकऱ्यांच्या विहिरींवर पाणी उपसले. १९५४ साली जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने जर्मन कंपनीशी करार केला आणि लांब नाकाचे डिझेल ट्रक तयार होऊ लागले.

अशा जुन्या ट्रकचे इंजिन सुरू होत नसेल, तर जाणता उस्ताद लगेच सगळे इंजिन खोलून बसत नाही. तो आधी टाकीत डिझेल आहे का ते पाहतो. मग फिल्टर तपासतो. नळीत हवा शिरली असेल तर इंजिनाला डिझेल मिळत नाही. अशा वेळी तो फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो आणि हाताचा पंप दाबत राहतो. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले, की तो स्क्रू घट्ट करतो. एवढ्यावरही काम झाले नाही, तर तो नोजलकडे वळतो. धुराचा रंगही त्याला पुष्कळ काही सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हवा पुरेशी दाबली जात नाही, म्हणून ती तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. १८९३ साली डिझेल यांच्या पहिल्या यंत्राला हाच दोष छळत होता.

एका वेळी एकच भाग तपासायचा, एकच बदल करायचा, त्याचा परिणाम पाहायचा आणि मगच पुढे जायचे, ही रीत डिझेल यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणणारा कारागीरही तीच रीत पाळतो. त्याचे हात काळे असतात, कपड्यांना तेल लागलेले असते. पण त्याचे काम बुद्धीचे असते. अशा हातांनीच डिझेल यांचे स्वप्न आजही चालते ठेवले आहे.

शब्दार्थ
जनक – निर्माण करणारा. उमेदीची वर्षे – तरुणपणाची, उत्साहाची वर्षे. बेताची – साधारण. विषमज्वर – टायफॉइड. पेटंट – शोधावरील कायदेशीर हक्क. काटकसरी – कमी खर्चात काम करणारे. विवंचना – काळजी. ढासळणे – बिघडत जाणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म कोठे झाला?
(आ) रुडॉल्फने वहीच्या कडेला कोणता प्रश्न टिपून ठेवला?
(इ) कारागिराने डोक्यावरची टोपी का काढली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डिझेल इंजिनात ठिणगीवाचून तेल कसे पेटते?
(आ) स्फोट होऊनही डिझेल यांना समाधान का वाटले?
(इ) जुना ट्रक सुरू होत नसेल तर जाणता उस्ताद काय काय तपासतो?

३. वाक्यात उपयोग करा.
रमून जाणे, पाठलाग करणे, ध्यानात येणे.

४. हवा, जहाज, कर्ज, कारखाना, कारागीर, उस्ताद हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसांबरोबर गावातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. तेथील कारागीर इंजिनाचा दोष कसा शोधतात, ते पाहून दहा ओळी मराठीत लिहा.