विश्लेषण : शाळा सोडलेले अभियंते, शिक्षा भोगलेले पहारेकरी… लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या अपेक्षांनी किर्लोस्करवाडी कशी घडवली?

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत आज पंपांचा मोठा कारखाना आहे. १९१० मध्ये तिथे निवडुंग आणि साप यांच्याशिवाय फारसे काही नव्हते. या माळावर वसाहत उभी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर उद्योजक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. मात्र माणसांकडून चांगल्या कामाची अपेक्षा ठेवली तर ती त्या अपेक्षेला उतरतात का, याचे उत्तरही त्यांच्या चरित्रात सापडते.

लक्ष्मणरावांची सुरुवात कशी झाली?

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकला सोडावी लागली. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत त्यांचा सायकलविक्रीचा व्यवसाय होता.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे का लागली?

सायकलींपाठोपाठ त्यांनी छोट्या कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये लोखंडामुळे जमिनीत विष उतरते, असा समज होता. त्यामुळे पहिला लोखंडी नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली.

इथे दोन अपेक्षा समोरासमोर होत्या. जमीन नासेल ही शेतकऱ्यांची, तर एकदा वापरून पाहिला की शेतकरी नांगर घेईल ही लक्ष्मणरावांची. शेतकरी अडाणी आहे, असे म्हणून त्यांनी नाद सोडला असता तर नांगर वापरलाच गेला नसता आणि जुना समज तसाच राहिला असता. चुकीची अपेक्षासुद्धा अशी स्वतःला खरी ठरवते, कारण ती प्रयोगच होऊ देत नाही.

माळावर वसाहत कशी उभी राहिली?

नांगराला मागणी येऊ लागली, तोच बेळगावातील कारखान्याची जागा नगरपालिकेच्या आदेशामुळे रिकामी करावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन निश्चित झाली. मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. वसाहतीच्या उभारणीचा आणि कारभाराचा भार रामूअण्णांनी उचलला. पुढे त्या स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

माणसे कशी निवडली?

आडरानात प्रशिक्षित अभियंते मिळणे कठीणच होते. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रापेक्षा माणसाला काय जमू शकेल, हे पाहिले. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते, तेच कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. मंगेशराव रेगे यांनी कारकुनीपासून हिशेबापर्यंतची कामे सांभाळली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता.

सर्वांत धाडसी निर्णय पहाऱ्याचा होता. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे त्यांनी वसाहतीची राखण सोपवली. ज्यांच्यावर गावाने कायम संशय घेतला, त्यांच्याच हाती कारखान्याची आणि घरांची सुरक्षितता दिली. हीच माणसे वसाहतीचे भरवशाचे पहारेकरी ठरली.

पुढे औंध संस्थानानेही आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू केली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

मानसशास्त्र याबद्दल काय सांगते?

मानसशास्त्रात याला ‘पिग्मॅलियन परिणाम’ म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा यावरील अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी लवकरच मोठी प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे कोणत्याही निकषाविना निवडलेली होती. तरीही लहान इयत्तांतील अशा मुलांची बुद्धिमापन चाचणीतील प्रगती इतरांपेक्षा अधिक दिसली. हा परिणाम नेमका किती मोठा असतो, यावर संशोधकांत आजही वाद आहे.

यात चमत्कार नाही. अपेक्षा बदलली की वागणे बदलते. ज्याच्याकडून आशा असते, त्याला अधिक वेळ आणि अधिक कठीण काम दिले जाते, चूक झाली तर समजावूनही सांगितले जाते. किर्लोस्करवाडीतही केवळ शाबासकी दिली गेली नाही, खरी जबाबदारी दिली गेली.

मग सकारात्मक विचार पुरेसा असतो का?

नाही. लक्ष्मणरावांच्या चांगल्या अपेक्षेने रंग ओळखण्यातील दोष गेला नाही की बढती मिळाली नाही. औंधकडून जमीन आणि भांडवल मिळाले नसते तर पुढचे सारेच अवघड होते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या हिंसाचारात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. आयुष्यभर माणसांवर भरवसा ठेवणाऱ्या लक्ष्मणरावांना वयाच्या ७८ व्या वर्षी हे पाहावे लागले. त्या जमावाला कुणाच्याही चांगुलपणाने रोखले नव्हते.

कारखाना मात्र पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

नांगराच्या बाबतीत त्यांना दोन वर्षे थांबता आले. पहारेकऱ्यांच्या बाबतीत आधी विश्वास टाकावा लागला, पुरावा नंतर मिळाला. चांगली अपेक्षा ठेवणे म्हणजे सगळे ठीक होईल असे मानून बसणे नव्हे. फसण्याची शक्यता ठाऊक असूनही समोरच्याला संधी देणे आणि त्याची किंमत स्वतः मोजायला तयार असणे, हा तिचा खरा अर्थ लक्ष्मणरावांच्या चरित्रातून दिसतो.